कान्हूचा फोनवरचा नमस्कार

मुळशीच्या तळ्याच्या पाण्याची पातळी बघायची आणि रोज सकाळी फोनवरून पुण्याच्या कचेरीला कळवायची, एवढीच नोकरी. पण ती कायमची होती, आणि तिच्याबरोबर तळ्याकाठच्या चौकीतली खोली राहायला मिळणार होती. दर हिवाळ्यात बायकोपोरीला घेऊन कोळशाच्या भट्ट्यांमागं रानोरान हिंडणाऱ्या कान्हूला ती खोली स्वप्नातसुद्धा दिसू लागली. अडचण एकच होती. माणूस फोनवर नीट बोलतो की नाही हेच बघायचं, म्हणून तिथले साहेब मुलाखतही फोनवरच घेणार होते. कान्हूनं पौडच्या पोस्टात जायचं, साहेब पुण्याहून बोलणार. आणि कान्हूनं फोन दुरूनसुद्धा पाहिलेला नव्हता.

पण हात टेकणारा गडी नव्हे तो. पौडच्या बाजारात गूळमीठ विकणारे पीरमहंमदचाचा आयुष्यात दोनदा फोनवर बोलले होते, म्हणजे त्या मुलखातले ते तज्ज्ञच. कान्हूनं त्यांना वाडीवर आणलं. चाचांनी त्याच्या कानाला तांब्या लावला आणि त्याच्या बायकोला, पारूला, साहेब म्हणून दाराआड बसवलं.

"नाव काय तुमचं?" दाराआडचे साहेब कडाडले.

"आता गं! तुला ठावं न्हाई व्हय?"

"सायबाला अगंतुगं करतूस? जा, न्हाई देत नोकरी!"

चाचांनी कपाळावर हात मारला. "आन् वरडू नगंस, कान्हू. डोंगरावरनं हाळी घालतूस तसं तितं चालत न्हाई. लई मऊ बोलायचं. निजल्यालं पोर उठू नये, असं."

कान्हूनं मऊपणाचा असा काही ध्यास घेतला, की शेरडांनाही तो विनंती करू लागला. शेरडं जागची हलेनात.

मुलाखतीच्या दिवशी कान्हूबरोबर चाचा आणि पारूही पोस्टात आले. घंटी वाजली. पोस्टमास्तरांनी रिसीव्हर हातात दिला. साहेबांचा आवाज येताच कान्हूनं रिसीव्हर टेबलावर ठेवला, पायातल्या वहाणा काढल्या आणि दोन्ही हात जोडून वाकून नमस्कार केला. एका हातानं नमस्कार करायची रीत त्याच्या वाडीत नव्हती.

"आरं उचल, उचल!" चाचा कळवळले.

कान्हूनं उचलला आणि मऊ मऊ नाव सांगितलं. तिकडून खरखरीतून साहेब ओरडले, "काही ऐकू येत नाही! ठेवतो मी!"

कान्हूचा चेहरा पडला. तो बघून पारू दारातून म्हणाली, "अवं, सायेब पल्याडच्या डोंगरावर हाय समजा, आन् घाला हाळी!"

कान्हूनं डोळे मिटले. एकेक शब्द सुटा करून, लांबवत त्यानं हाळी घातली, आणि डोंगरावर थांबतात तसा थांबला. पलीकडून आलेला निरोप आधी परत म्हणून दाखवायचा, ही तिथली शिस्त. तीही त्यानं पाळली.

"पातळी... रोज... सकाळी... सांगायची! कळलं, सायेब!" मग ऐकून, "आयतवारीबी... सांगायची! व्हय सायेब, पानी कुटं आयतवार पाळतंय!"

साहेबांचं हसू खरखर ओलांडून मास्तरांपर्यंत आलं. त्यामागून आलेलं वाक्यही कान्हूनं शिस्तीत परत म्हणून दाखवलं. "खोलीची... किल्ली... न्यायची!"

तेव्हापासून सकाळी पुण्याच्या कचेरीत फोन वाजावा, उचलावा, तर पलीकडे शांतता. नवा कारकून हॅलो, हॅलो करून फोन ठेवायला निघाला, की जुने त्याचा हात धरत. "थांब जरा. मुळशीचा कान्हू आहे. नमस्कार करतोय."