कमी पाण्यात धुतलेले फोटो

मी रोज एक फोटो काढत असे. जव्हार संस्थानच्या शाळेत शिकवायला आलो तेव्हा भिंग पुढेमागे सरकवायच्या चामडी भात्याचा एक जुना कॅमेरा बरोबर आणला होता. मोठे काही टिपावे अशी हौस नव्हती. शाळेला निघण्याआधी जे डोळ्यांसमोर असेल ते घ्यायचे. भिंतीला टेकवलेले इरले, खोडाळ्याच्या बाजाराला निघालेल्या बायकांच्या डोक्यांवरच्या पाट्या, ओल्या सारवणावर उमटलेली कोंबडीची पावले. दिवसाला एकच काढायचा म्हटले की माणूस नीट बघू लागतो.

पत्नी मात्र कॅमेऱ्यासमोर येत नसे. रस्त्यावर उभे राहायला तिला संकोच वाटे आणि पावसाळ्यात घरात उजेड नसे. उन्हाळ्यात सकाळी ती परसात पाणी गाळून भरत असे, तेव्हा तेवढी सापडे. हातातले काम टाकून मला हाकलायला तिला सवड नसे. त्यामुळे तिचे जे काही फोटो आहेत ते सगळे उन्हाळ्यातले.

आणि उन्हाळ्यात जव्हारला पाणी नसे. विहिरी तळाला जात, मग दरीतल्या झऱ्यावरून हंडे चढवून आणावे लागत. आमच्याकडे एक वारली म्हातारी पाणी आणून देई. फोटोचा कागद औषधातून काढला की पाणी बदलून बदलून खूप वेळ धुवावा लागतो. नाहीतर औषधाचा अंश आत राहतो आणि पुढे काही वर्षांत चित्र खाऊन टाकतो. हे मी पुस्तकात वाचले होते, तसे पत्नीला सांगितलेही.

"म्हणजे कागदांना आंघोळ, आणि माणसांनी तोंडं पुसून घ्यायची," ती म्हणाली. "अहो, ती बाई दरी चढून येते. तिच्या पायांकडे बघा, मग सांगा किती पाणी हवं ते."

ओट्यावर टेकलेली म्हातारी हसली. "मास्तर, तुमचा कागूद पानी पितो काय?"

"पितो तर! यांच्यासारखाच आहे. गप्प बसतो आणि तांब्यावर तांब्या रिचवतो." पत्नीने माझ्या फोटो धुण्याच्या थाळीत तांब्याभर पाणी ओतले. "घ्या. आज एवढंच. आणि ते वासाचं पाणी माझ्या तुळशीत ओतू नका."

मला ते वावगे वाटले नाही. आजही वाटत नाही. पाणी पिण्यासाठी होते.

मार्गशीर्षात पत्नी हिवतापाने गेली. त्यानंतर बरेच दिवस मी फोटोंची पेटी उघडली नाही. पुढच्या श्रावणात उघडली तेव्हा पावसाळ्यातले फोटो जसेच्या तसे होते. इरल्याची पाती न् पाती दिसत होती. त्या दिवसांत पागोळीखाली थाळी ठेवली की कागद हवा तेवढा धुऊन निघे. उन्हाळ्यातले फोटो पिवळे पडले होते. ज्यांवरून ते छापले त्या मूळ काचाही त्याच तांब्याभर पाण्यात धुतलेल्या. दमट हवेने त्यांच्यावरचा थर पापुद्र्यासारखा सुटला होता, त्यांवरून नवे छापणे शक्य नव्हते. एका फोटोत ती कॅमेऱ्याकडे बघत होती. तसा तो एकच.

आता धुऊन काही होईल का, ते आधी रिकाम्या परसाच्या फोटोवर करून पाहिले. रात्रभर पाण्यात ठेवला. पिवळेपणा गेला नाही, कडा मात्र सुटल्या. मग उरला एकच उपाय, तिच्या त्या फोटोचाच फोटो काढायचा. त्याला कडक ऊन हवे, आणि श्रावणात इथे आभाळ उघडत नाही. वाट पाहण्यात भाद्रपद गेला. मी रोज तिचा फोटो पेटीतून बाहेर घेऊन बघत असे. कानातली कुडी आधी गेली. मग नाकाची कड.

आश्विनात ऊन पडले. परसातल्या भिंतीला फळी टेकवून तिच्यावर फोटो लावला, कॅमेऱ्याचा भाता पूर्ण ताणला आणि श्वास रोखून भिंगावरचे झाकण काढले. नवा फोटो छापला तेव्हा हंडा चांगला उतरला होता. पदर, केस, गाळण्याचे फडके धरलेला हात, सगळे पहिल्यापेक्षा गडद. चेहरा आला नाही; जुन्या फोटोत डोळ्यांना अजून दिसणाऱ्या फिकट खुणा नव्या काचेने धरल्या नाहीत. त्या सकाळी तिच्या तोंडावर ऊन होते, आणि फोटोतला उजळ भाग आधी विरतो. केस आणि पदर यांच्या मधे कोरा कागद होता.

तो मी भरपूर पाण्यात धुतला. तो आता टिकेल, माझ्यामागेही राहील. पेटीत तळाशी ठेवून दिला आहे.

जुना मात्र पेटीत परत ठेवला नाही. जपून ठेवला तरी तो जाणारच. लिहायच्या मेजावर, खिडकीजवळ असतो. कॅमेरा कपाटात आहे. सकाळी उजेड आला की शाळेला निघण्याआधी मी त्या फोटोसमोर बसतो आणि काय उरले आहे ते बघतो.

आज भुवया आहेत.