पैनगंगेपलीकडचं मत

लग्न होऊन मी मोगलाईत आले, पण मत मिळालं ते माहेरच्या गावी. असं कसं झालं ते आधी सांगते.

माझं माहेर पुसदकडचं, वऱ्हाडातलं. सासर कळमनुरी तालुक्यात, पैनगंगेच्या अलीकडं. सकाळी निघालेली बैलगाडी दुपारच्या जेवणाला पोचायची, एवढंच अंतर. पण नदीच्या त्या अंगाला इंग्रजांचं राज्य आणि या अंगाला निजामाचं. या अंगाला सगळे मोगलाईच म्हणायचे. थोरली मुलगी झाली तेव्हा बाळंतपणाला मी माहेरी होते. त्यात मला तापानं धरलं, म्हणून पाच-सहा महिने तिथंच राहिले. त्याच दिवसांत मतदारांची यादी करणारा कारकून गावात आला. वऱ्हाडात कायदेमंडळाची निवडणूक होणार होती. मत सगळ्यांना नव्हतं. शेतसारा भरणाऱ्याला होतं, आणि जिला लिहिता-वाचता येतं अशा बाईलाही होतं, पण तिनं तसं मागावं लागायचं. आमच्या गावात चौथी पास झालेली बाई मी एकटीच. दादानं मला ओसरीवर बोलावलं. कारकुनानं एक कागद पुढं केला, त्यावरच्या दोन ओळी मी वाचल्या आणि खाली सही केली. त्यानं आणखी काही विचारलं नाही. पुढं ताप उतरला, मी मुलीला घेऊन सासरी आले आणि ती सही विसरूनही गेले.

संक्रांतीनंतर दादा गाडी घेऊन आला. म्हणाला, यादीत नाव लागलंय, पंधरा दिवसांनी मतदान आहे, हिला पाठवा.

मामंजी बाजेवर बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आपल्या राज्यात न्हाई त्या गोष्टीत आपण काहून पडायचं? उद्या पोलीस पाटील इचारंल, सून कुठं धाडली होती म्हणून. काय सांगू?"

माझे मालक नुसते बैलाची वेसण वळत राहिले. त्यांचं बोलणं नेहमी सगळ्यांच्या शेवटी असायचं, आणि तोवर बहुतेक वेळा निकाल लागलेला असायचा.

निकाल आत्याबाईंनी लावला. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या चुलीपाशी बसूनच बोलल्या, "माझ्या पोराला दोन दिवस कोंडून ठिवलं तवा कुणी इचारलं का आपल्याला? हिला तिथं बलावून इचारून राहिलेत, तर जाऊ द्या. मी जाते संगं."

पोरगा म्हणजे माझे धाकटे दीर. त्या साली त्यांनी आणि त्यांच्या दोन मित्रांनी कळमनुरीला एक खोली घेऊन वाचनालय काढलं होतं. वाचनालय म्हणजे काय, एक चटई आणि वऱ्हाडातून येणारी दोन-तीन मराठी वर्तमानपत्रं. परवानगी काढली नव्हती. पोलिसांच्या अमीनसाहेबांनी तिघांना ठाण्यावर नेलं, दोन दिवस बसवून ठेवलं, पुन्हा असं करणार नाही म्हणून लिहून घेतलं आणि चटईसुद्धा जप्त केली. मारलं वगैरे नाही. पण तेव्हापासून भाऊजी कळमनुरीच्या बाजारालाही जाईनासे झाले. आत्याबाईंच्या मनात ते बसलं होतं.

ठरलं असं की पाटलानं विचारलं तर मुलीच्या जावळाला माहेरी गेली म्हणून सांगायचं. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावरही तेच सांगायचं. मामंजींनी हे आत्याबाईंकडून दोनदा वदवून घेतलं.

नदीला पाणी गुडघ्याएवढं होतं. गाड्या पाण्यात उतरायच्या त्या उताराच्या अलीकडं नाका. नाक्यावरच्या शिपायानं गाडी थांबवली. "क्या है गाडी में?"

आत्याबाई म्हणाल्या, "सून हाय, नात हाय. सुनेला मत द्यायचंय तिकडं."

दादानं कपाळाला हात लावला. शिपायाला मराठी कळत होतं, पण मत कळलं नाही. त्यानं गाठोडं उघडून पाहिलं, तिळाचे लाडू हुंगून पाहिले. मग आत बसलेल्या कारकुनाला विचारलं, "मत पे महसूल लगता क्या?" कारकुनानं मान वर न करताच जाऊ दे म्हणून हात हलवला. गाडी पाण्यात उतरल्यावर मी विचारलं, "आत्याबाई, जावळाचं सांगायचं ठरलं होतं ना?"

"लेकराच्या जावळाची खोटी शपत कोण घेईल," त्या म्हणाल्या.

माहेरी पोचलो तर तिथं वेगळंच होतं. निवडणुकीला उभे दोघे होते. एक आमच्या गावचे देशमुख आणि दुसरे खादीवाल्यांचे एक वकील. गावातली शाळा देशमुखांनी बांधून दिलेली. मुलींनी बसायला हरकत नाही असं मास्तरांना सांगणारेही तेच. बाबांचं त्यांच्या ओट्यावर रोजचं बसणं. दादा मात्र खादीवाल्यांकडे झुकलेला. बापलेक एका ताटावर जेवायला बसत, पण त्या विषयावर बोलत नसत. आईला वाचता येत नव्हतं म्हणून तिला मत नव्हतं, आणि तिला त्याचं काही वाटतही नव्हतं.

दिवेलागणीला बाबांनी मला हाक मारली. मुलगी त्यांच्या मांडीवर होती.

"देशमुखाले मी शब्द देला हाय," ते म्हणाले. "माह्या घरची तिन्ही मतं तुमचीच, असं सांगतलं. तुह्या दादाचं मले माहीत हाय, तो आयकनार न्हाई. पन तू तं आयकशील. तू शिकली कोनाच्या शाळेत?"

मी "व्हय" म्हणाले. ते "देते" या अर्थाचं होतं की "त्यांच्या शाळेत शिकले" या अर्थाचं, ते मी स्पष्ट केलं नाही. बाबांनी पहिला अर्थ घेतला आणि खूश झाले. मी तो तसाच घेऊ दिला, ही माझी चूक.

मतदान शेजारच्या बाजाराच्या गावी होतं. आमच्या गाडीत बाबा, दादा, मी, आत्याबाई आणि मुलगी. बायकांची रांग वेगळी होती, पण रांग म्हणण्यासारखं काही नव्हतं. एक मास्तरीणबाई, एका डॉक्टरांची बायको आणि मी. आत्याबाई दारातच उभ्या राहिल्या. शिपाई त्यांना बाजूला व्हा म्हणत होता आणि त्या एकेक पाऊल सरकून पुन्हा तिथंच येत होत्या.

आत टेबलाशी साहेब बसले होते, आणि दोन्ही बाजूंचा एकेक माणूस. खादीवाल्यांकडून बसलेला माणूस दादाचा मित्र. आमच्या घरी कितीदा जेवलेला. माझं नाव पुकारल्यावर तो उठून उभा राहिला.

"साहेब, माही हरकत हाय. ही बाई मोगलाईत नांदते. हिचं मत हितं चालत न्हाई."

मला आधी समजलंच नाही. मग लक्षात आलं. बाबांनी तीन मतांचा शब्द दिल्याचं साऱ्या गावाला माहीत होतं. माझं मत देशमुखांना जाणार असं धरून तो ते बाद करायला निघाला होता. दादा बाहेरून हे ऐकत होता. त्याचं तोंड उतरलं. त्याला ओरडून सांगता येत नव्हतं की थांब, ही कदाचित आपल्याकडची असेल. ते त्यालाही माहीत नव्हतं.

साहेबांनी विचारलं, "यादीत नाव आहे?"

"आहे," कारकून म्हणाला.

"मग मत आहे. यादी करताना हरकत घ्यायची होती." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुमचं नाव यात कुठं आहे ते दाखवा आणि वाचा."

मी ओळीवर बोट ठेवलं. नाव नुसतंच पुटपुटले. दारातून आत्याबाई म्हणाल्या, "वाच की पोरी. मोठ्यानं वाच." मी वाचलं. माझं नाव, बाबांचं नाव, गाव. साहेबांनी चिठ्ठी दिली.

पडद्याआड दोन पेट्या होत्या. कडेवर मुलगी, हातात चिठ्ठी. मला त्या हरकतीचा राग आला होता. त्या रागात देशमुखांच्या पेटीत टाकावी असं वाटलं, आणि त्यात बाबांचा शब्दही राहणार होता. शाळाही खरी होती. मी अक्षर ओळखत होते ते त्यांच्यामुळं, आणि हातात चिठ्ठी आली तीही त्यामुळंच. पण भाऊजींची चटई डोळ्यापुढं आली. आमच्या अंगाला जे चालतं त्याबद्दल वऱ्हाडात बोलणारे होते ते खादीवालेच. देशमुखांच्या ओट्यावर मोगलाईचं नाव निघालं तर ते तिकडच्या आंब्यांपुरतं. मुलीनं पडदा ओढायला सुरुवात केली, बाहेरून शिपाई खाकरला. मी चिठ्ठी वकिलांच्या पेटीत टाकली आणि बाहेर आले.

परतताना बाबा मजेत होते. त्यांनी नातीला फुटाणे घेतले. तिला अजून दात नव्हते, म्हणून फुटाणे आम्हीच खाल्ले. निम्मी वाट सरल्यावर मला राहवेना. घरी गेल्यावर ते देशमुखांच्या ओट्यावर जाऊन सांगणार, हे मला दिसत होतं.

"बाबा," मी म्हणाले, "म्या देशमुखाले मत देलं न्हाई."

दादा गाडी हाकत होता. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. बाबा गाडी थांबवायला सांगून खाली उतरले आणि गाव येईपर्यंत चाकाच्या बाजूनं चालत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आत्याबाईंना खण दिला, नातीच्या हातावर रुपया ठेवला, पण आम्हाला पोचवायला शिवेपर्यंत आले नाहीत. दर वेळी यायचे.

नदी ओलांडल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं केलं. पर गाडीत न्हाई सांगायचं. मानसाला उठून जायाला जागा पाहिजे."

वकील निवडून आले. प्रांतात सगळीकडेच खादीवाल्यांची माणसं जास्त आली, असं दादानं पत्रातून कळवलं. आत्याबाईंनी ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. त्यानंतर महिनाभर काही नाही. मग नदीपलीकडं बैल विकायला गेलेला आमच्या तांड्यावरचा एक म्हातारा बाबांचा निरोप घेऊन आला. त्यानं तो जशाचा तसा पाठ करून आणला होता: "तुह्यावाल्यांनी गादीवर बसाले नकार देला. आता बाकीचे बसून राहिले."

मला वाटलं म्हातारा काहीतरी चुकला. पण मागून दादाचंही पत्र आलं. ज्यांची माणसं जास्त आली होती ते म्हणत होते की लाटसाहेब कारभारात हात घालणार नाहीत असं वचन मिळाल्याशिवाय आम्ही मंत्री होत नाही. तेव्हा ज्यांची माणसं थोडी-थोडी होती, कुणी या गटाचे, कुणी त्या गटाचे, अशांना एकत्र जोडून मंत्रिमंडळ उभं केलं होतं.

हे आत्याबाईंना समजावून सांगताना माझी पुरेवाट झाली.

"जास्त आले ते घरी, आन थोडे आले ते गादीवर?"

"व्हय. थोडे-थोडे मिळून बसलेत."

"त्यांचं पटतंय का आपसांत?"

"ते काय लिवलं न्हाई."

"मग तुला एवढ्या लांब काहून नेलं," त्या म्हणाल्या आणि निवडायला घेतलेली डाळ पुढं ओढली. मामंजी ओसरीवर हसले. माझे मालक शेवटी बोलले. म्हणाले, "पाटलानं अजून तरी काही इचारलं न्हाई." खरं तर त्यांना तेवढंच जाणून घ्यायचं होतं.

पाऊस चांगला लागल्यावर, पंचमीच्या आधी, बाबा स्वतः मला न्यायला आले. दादाला पाठवतील असं वाटलं होतं. हातपाय धुऊन बसल्यावर त्यांनी पहिली बातमी सांगितली ती हीच. ते जोडून केलेलं मंत्रिमंडळ गेलं होतं, हवं तसं आश्वासन मिळाल्यावर खादीवाल्यांनी आपलं केलं होतं.

मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. मला विचारायचं होतं ते मी विचारलं. "देशमुख काय म्हनले?"

"म्या त्यायले दुसऱ्याच दिवशी जाऊन सांगतलं," बाबा म्हणाले. "माह्या घरातून तुमाले एकच मत पडलं म्हनलं. ते म्हनले, बरं. पन मंग ओट्यावर बसलो तं पान पुढं आलं न्हाई. तीन-चार महिने मी गेलो न्हाई तिकडं. आता जातो. पान येते." मग म्हणाले, "शब्द म्या माह्या मताचा द्याले पायजे होता. तुमा दोघाईचा देऊन बसलो."

माझ्याकडे न बघता ते म्हणाले. मीही तांब्या ठेवून आत गेले.

आत्याबाई दाराआडून ऐकत होत्या. त्या पुढं आल्या आणि व्याह्यांना थेट विचारलं, "आता तुमचे मंत्री झालेत. माझ्या पोराला कोंडलं होतं, ते इचारतील का?"

बाबा म्हणाले, "न्हाई, बाई. त्यायचं राज्य नदीपर्यंतच हाय."

"हां," आत्याबाई म्हणाल्या. "मला वाटलंच." त्यांनी आत जाऊन ताटं घेतली. जेवताना भाऊजी बाबांशेजारी बसले होते. बाबांनी त्यांना विचारलं, आमच्या गावी चार दिवस येता का, आमच्याकडं वाचनालय आहे, कुणी काही म्हणत नाही. भाऊजींनी आईकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "जा."

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो, बाबा, भाऊजी, मी आणि मुलगी. उतारावर पोचलो तर नदी दोन्ही काठ धरून चालली होती. नाक्यावरच्या पत्र्याखाली दुपारपर्यंत बसलो, शिपायानं आम्हाला चहा पाजला, आणि पाणी उतरण्याचं चिन्ह दिसेना तेव्हा गाडी वळवून घरी आलो. बाबा आणखी तीन दिवस आमच्याकडं राहिले. त्या साली पंचमी मी सासरीच केली.