सगळ्या बिल्डिंगचा एक मास्क

आमच्या काशीगावच्या बिल्डिंगमध्ये वाफ द्यायचं मशीन एकच आहे, दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं. कुणाच्याही मुलाची छाती भरली की ते त्या घरी जातं, तिथून पुढच्या घरी. काकू कधी उपकार दाखवत नाहीत. त्यामुळे याबद्दल वाईट लिहायला मला अवघड वाटतं. पण मशीनसोबत मास्कही एकच फिरायचा.

दादाची मुलगी पाच महिन्यांची होती. सर्दी झाली आणि तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तशा काकू मशीन घेऊन आल्या. मास्क मी हातात घेतला. आतल्या कडेला पिवळट शेंबूड वाळून चिकटला होता, त्यात एक केस आणि बिस्किटाचा चुरा. मी तो दोन बोटांत लांब धरला. हा बाळाला नको, असं मी कसंबसं म्हटलं. आई माझ्यावरच चिडली. त्या मायेनं देतात आणि मी नाक मुरडते, म्हणाली. कॉलेजात गेले तर शेजाऱ्यांची किळस यायला लागली का, असं तिनं सगळ्यांसमोर विचारलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच.

काकूंनी मास्क पदरानं आतून पुसला, त्यावर फुंकर मारली आणि बाळाच्या तोंडावर धरला.

पुढे बाळानं दूध सोडलं. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडायला लागला, तेव्हा तिला ॲडमिट करून ऑक्सिजन लावला. डॉक्टर बाई म्हणाल्या, व्हायरल इन्फेक्शन आहे, खोकल्यातून, हातांतून, शेंबडातून पसरतं. मी मास्कचं विचारलं. नेमकं कुठून आलं ते सांगता येणार नाही, पण तो मास्क आता कुणालाच लावू नका, असं त्यांनी बजावलं.

शेजारच्या खाटेवर आमच्याच बिल्डिंगमधला, तिसऱ्या मजल्यावरचा छोटा होता. आमच्या आधी मशीन त्याच्याकडे होतं. त्याची आई आम्हाला बघून खूश झाली. "अरे, आप लोग भी?" म्हणत तिनं मुलाचं नाक बोटांनी पुसलं आणि त्याच बोटांनी आमच्या बाळाचा गालगुच्चा घ्यायला हात पुढे केला. वहिनी मध्ये उभी राहिली. वॉर्डात प्रत्येक मुलाच्या मास्कवर त्याच्या नावाची पट्टी होती. वहिनी ती पट्टी सारखी बघायची.

बाळ ऑक्सिजनशिवाय श्वास घ्यायला लागलं, दूध प्यायलं. घरी आलो त्याच दिवशी काकू मशीन घेऊन हजर. आईसमोर वहिनी सहसा बोलत नाही. त्या दिवशी बोलली.

"काकू, आम्ही नवा मास्क आणलाय. हा आता कुणालाच देऊ नका."

इतकी वर्षं कुणाला काही झालं नाही, असं म्हणत काकू मशीन उचलून गेल्या.

संध्याकाळी वरून मशीनची घरघर ऐकू आली. आईनं बाळाच्या छातीवर हात ठेवला, मग माझ्याकडे बघितलं.

"जा. तू शिकलेली हाय, सांग जाऊन."

मी वर गेले. काकूंच्या मांडीवर त्यांचा नातू होता, तोंडावर तोच मास्क, आणि कडेतून शेंबूड हनुवटीवर ओघळत होता. मी डॉक्टरांचं सगळं सांगितलं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं बाई," त्या म्हणाल्या, "याचं झालं की धुते."