कॉम्प्युटरचं शेरेबुक

बिघाड शोधताना माणसाचं ऐकायचं नाही, मशीनचं ऐकायचं, ही माझी जुनी खोड. नगरला एका कचेरीतले चाळीसेक कॉम्प्युटर मी सांभाळतो. "मी काहीच केलं नाही हो, आपोआप बंद पडला," हे रोज ऐकतो आणि रोज मनातल्या मनात हसतो. वडिलांनाही मी त्याच रांगेत उभं केलं.

वडील सोनईजवळच्या एका गावात मुख्याध्यापक होते. निवृत्त झाल्यावर आईला घेऊन तिथेच राहिले. आमच्या चर्चच्या कबरस्तानाची जुनी नोंदवही वाळवीने अर्धी खाल्ली होती. बहुतेक कबरींवर दगड नाही, नुसता मातीचा उंचवटा. कोण कुठे निजलंय हे त्या वहीच्या उरलेल्या पानांत आणि वडिलांच्या डोक्यात, एवढ्या दोनच ठिकाणी शिल्लक होतं. एकदा नवा खड्डा खणताना जुन्या शवपेटीची फळी वर आली. त्या दिवशी वडील जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एकेक रांग कॉम्प्युटरवर टाइप करायला घेतली. एकूण अकरा रांगा होत्या. "मी आहे तोवर हे झालं पाहिजे. माझ्यानंतर सांगणारं कोणी नाही," म्हणायचे.

कॉम्प्युटर मीच दिलेला, कचेरीतून मोडीत निघालेला. तो मनात येईल तेव्हा बंद पडायचा आणि टाइप केलेलं गिळून बसायचा. वडिलांनी त्याच्यासाठी चक्क शेरेबुक घातलं. शाळा तपासायला आलेला साहेब ज्या वहीत शेरा लिहून सही करतो, तसलं. डाव्या पानावर ते तारीख, वेळ आणि हातात कोणती रांग होती ते लिहायचे. शनिवारी मी आलो की तपासणी करून उजव्या पानावर शेरा मारायचा, खाली सही करायची. एकदा माझी तारीख चुकली म्हणून मी ती खोडायला गेलो, तर त्यांनी हात धरला. "शेरेबुकात खाडाखोड नसते. चुकलं तर चुकलेलं राहतं." मला तेव्हा हसू आलं होतं.

पहिला बिघाड खराच होता. माझ्यासमोरच दोनदा फट्‌कन बंद पडला. डबा उघडला तर आत रस्त्यावरच्या उसाच्या ट्रॅक्टरांची सगळी धूळ येऊन बसलेली. ब्रशने झाडली, रॅम काढून खोडरबराने घासली, पंख्याला तेल दिलं. तरी तेच. शेवटी पॉवर सप्लाय काढून नाकाजवळ धरला, तर जळका वास. तो बदलला आणि मशीन सरळ झालं. मी ऐटीत शेरा मारला, 'पॉवर सप्लाय बदलला. तपासले. ठीक आहे.' पुढच्या तीन आठवड्यांत वडिलांच्या सात रांगा पूर्ण झाल्या.

चौथ्या आठवड्यात डाव्या पानावर पुन्हा नोंद आली. 'स. १०.२०. आठवी रांग. बंद पडला.' मी शनिवारची अख्खी दुपार त्याच्यासमोर बसून काढली. ढिम्म बंद पडला नाही. 'तपासले. ठीक आहे.' पुढच्या आठवड्यात दोन नोंदी. मी पुन्हा बसलो, पुन्हा काही नाही. आई तिथेच मेथी निवडत होती. ती म्हणाली, "त्या डब्याचं राहू दे. हे टाइप करता करता मधीच थांबत्यात. हाक मारली तरी व्हय न्हाई की न्हाई न्हाई. नुसतं बघत बसत्यात."

"जुनी नावं आठवायला वेळ लागतो, आई," मी म्हणालो आणि पुन्हा 'ठीक आहे' लिहून सही केली.

तिसऱ्या शनिवारी मी मशीनने स्वतः ठेवलेली नोंद काढून बघितली. बिघाड एकही नव्हता. प्रत्येक वेळी कोणीतरी बटण दाबून धरून मशीन बंद केलं होतं. माझं डोकंच फिरलं.

"पपा, तुम्हीच बटण दाबता आणि वर मला नगरहून पळवता!"

"आधी तो काळा होतो," ते शांतपणे म्हणाले. "मग मी दाबतो."

"मशीन खोटं बोलत नाही, पपा."

मग त्यांनी शेरेबुक पुढे केलं. 'तपासले. ठीक आहे,' असं लिहून मी ते जवळजवळ आपटलंच.

अकरा दिवसांनी आईचा फोन आला. वडील खुर्चीतून कलंडले होते. नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "याआधी कधी मधेच भान हरपायचं का? दहा-पंधरा मिनिटं? छोटे झटके येऊन गेले असतील." मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "व्हय."

मला त्या क्षणी सगळं कळलं. दहा मिनिटं कोणी हात लावला नाही की पडदा आपोआप काळा होतो. ते मीच तसं लावून दिलं होतं. वडील भानावर यायचे तेव्हा समोर काळा पडदा असायचा. त्यांना वाटायचं, मशीन बंद पडलं. म्हणून ते बटण दाबायचे. मधली दहा मिनिटं त्यांची त्यांनाच माहीत नव्हती. मशीन खोटं बोललं नव्हतं, आणि वडीलही नाही. ती दहा मिनिटं शोधायचं काम माझं होतं.

वडील वाचले. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. घरी आणल्यावर मी जुनी वही त्यांच्यासमोर धरून आठव्या रांगेच्या खाल्लेल्या पानावर बोट ठेवलं. त्यांच्या घशातून नुसता आवाज आला. आता उरलेल्या चार रांगांत कोण कुठे निजलंय, हे कोणालाच कळणार नाही.

मग मी शेरेबुक उघडलं. माझ्या शेवटच्या शेऱ्यानंतर डाव्या पानावर आणखी तीन नोंदी होत्या, मला न दाखवलेल्या. शेवटची अशी, 'स. ११.०५. आठवी रांग. बंद पडला. मुलाला कळवले नाही. चिडतो.'

मी त्यांच्या खाटेशेजारी बसून रडलो. मग पेन काढलं आणि उजव्या पानावरचं 'ठीक आहे' खोडायला गेलो. वडिलांचा डावा हात सावकाश पुढे आला आणि त्या पानावर पडला. मी हलकेच उचलून बघितला, पण त्यांनी तो दाबून धरला होता. मी पेनला टोपण लावलं. माझे शेवटचे तिन्ही शेरे त्या वहीत सहीसकट तसेच आहेत.