चाचांचं ‘वा’ आणि माझी टॉर्च

वेरूळला लेणी दाखवणाऱ्या आम्हा गाईड लोकांचं एक बरं असतं. दगड तोच, मूर्ती तीच, माणसं मात्र रोज नवी. त्यामुळं किस्से साचायला वेळ लागत नाय. बाकीच्यांचे किस्से पर्यटकांचे. माझे सगळे टॉर्चचे!

चहाच्या टपरीवर आमचं तिघांचं बसणं. सगळ्यात जुने रशीदचाचा, खुलताबादचे. दुसरा भीमराव, कुणाची तरी उडवल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नाय. तिसरी मी, सुनीता. चाचांनी कुणाच्या कामाला ‘वा’ म्हटलं की तो माणूस आठवडाभर ताठ चालतो. भीमरावला नऊ वर्षांत एकदाच मिळालंय, तेही घरनं आणलेल्या भज्यांसाठी! मला एकदाही नाय. आणि मला ते पाहिजे होतं, सरळ सांगते.

* * *

सुरुवात फजितीनंच झाली. शहागंजातनं एक स्वस्तातली एलईडी टॉर्च घेतली होती. तिसऱ्याच दिवशी, आतल्या अंधाऱ्या दालनात वीस माणसं माझ्या तोंडाकडं बघत असताना ती गेली! आपटली, झटकली, फुंकर मारली. नाय म्हणजे नाय.

मागनं भीमरावचा आवाज, “मॅडम, लेण्यांत पण लोडशेडिंग व्हय?”

सगळी वीस माणसं हसली. चाचा टपरीवर एवढंच म्हणाले, “बेटी, हमारे जमाने में आरशानं ऊन आत फेकायचे. आरशाचे सेल कधी संपत नाय.”

मला असला राग आला की घरी जाऊन मी टॉर्च फेकून देणार होते. फेकायच्या आधी म्हटलं, उघडून तर बघू.

* * *

आत मी टाकलेले घरातले जुने सेल फुटून स्प्रिंगवर पांढरा-हिरवा थर चढला होता. इंटरनेटवर बघून लिंबू लावलं, पुसलं, पोराच्या खोडरबरानं घासून स्प्रिंग चकचकीत केली. नवे सेल टाकले. बटण दाबलं. अंधार!

दोन तास परत तेच. उघड, घास, बंद कर. शेंद्र्याहून सासूबाई आल्या होत्या. त्या शेंगा निवडत गप बघत होत्या. शेवटी उठल्या, टॉर्च घेतली, सेल काढले, फिरवून उलटे घातले. लख्ख उजेड!

शेंगांकडं परत जात म्हणाल्या, “अन् मी गावभर सांगितलं, लई शिकलेली सून केलीय म्हणून!”

* * *

पण एकदा टॉर्च पेटली ना, की हात शिवशिवायला लागतात. मग नवऱ्याचं सोल्डरिंगचं सामान ढापलं. पैठण गेटजवळच्या एका दुकानातनं जास्त ताकदीची एलईडी आणली आणि जुनी काढून ती बसवली. पहिल्याच झटक्यात पेटली! काय तो उजेड! मी तर घरभर मिरवले.

दुसऱ्या दिवशी लेण्यात नागपूरचा ग्रुप. पाच मिनिटांत टॉर्च तव्यासारखी तापली. खाली ठेवावी तर अंधार. मग काय, बोलता बोलता उजव्या हातातनं डाव्यात, डाव्यातनं पदरात, परत उजव्यात. बोटं उघड, बोटं मिट. चेहऱ्यावर मात्र हसू!

शेवटी एक आजी माझा हात धरून म्हणाल्या, “किती छान हो! तुम्ही तर मूर्तीसारख्या मुद्राही करून दाखवता!”

मोठ्या एलईडीखाली ती तापू नये म्हणून ॲल्युमिनियमची चकती आणि पांढरी पेस्ट लावावी लागते, हे मला बोटं भाजल्यावर कळलं. पण कळलं ते कायमचं.

* * *

एक दिवस भीमराव टपरीमागं बोलवून घेतो. इकडं बघ, तिकडं बघ, मग खिशातनं टॉर्च काढतो.

“मेव्हण्याची आहे. नवी घेतली, पण पेटतच नाय. जरा बघ की.”

टॉर्चवर लाल पेननं मोठ्ठं लिहिलेलं: ‘भीमराव’.

मी झाकण उघडलं. नव्या टॉर्चमध्ये सेल उतरू नयेत म्हणून प्लास्टिकची एक पट्टी असते, ती तशीच आत होती. मी पट्टी ओढली, टॉर्च पेटवून त्याच्या तोंडावर मारली.

“मेव्हण्याला सांगा,” मी म्हटलं, “आता लोडशेडिंग संपलं!”

त्या दिवसापासनं अख्ख्या वेरूळच्या टॉर्च माझ्याकडं यायला लागल्या. दुकानदार, फोटोग्राफर, नारळवाले. मी पण भाव खाऊन घेतला, खोटं कशाला बोलू!

चाचांची टॉर्च तेवढी आली नाय. ते म्हणायचे, “उजेड लई आहे बेटी. पण या निळ्या-पांढऱ्या उजेडात मूर्ती मरते.”

ते मात्र मला लागलं. मी पिवळसर उजेडाची एलईडी शोधून आणली. काचेला आतनं बटर पेपर चिकटवला, म्हणजे उजेड एकाच जागी न भडकता पसरावा. चाचांना दाखवली.

चाचा म्हणाले, “ठीक है.”

‘ठीक है’! भज्यांना ‘वा’ आणि मला ‘ठीक है’!

* * *

आता शेवटचा सांगते.

एका लेण्यात, आतल्या कोपऱ्यात, खांबामागं एक छोटी दासी कोरलेली आहे. चाचांची ती खास. राणी निघून चालली म्हणून ही रडतेय, असं तीस वर्षं ते सांगत आले. सांगायचे असं की बायका डोळ्याला पदर लावायच्या.

त्या दुपारी चाचांची टॉर्च नेमकी तिथंच बंद पडली. मी शेजारीच होते. त्यांनी न बघता हात पुढं केला, मी माझी दिली. त्यांनी दासीवर खालनं उजेड धरला आणि सुरू केलं, “ये देखो, राणी चालली...”

आणि थांबले.

पिवळा उजेड गालावरनं हळूच वर चढला होता. ओठांचे कोपरे वर वळलेले. ती रडत नव्हती. हसत होती!

चाचांनी टॉर्च वर नेली, खाली आणली, बाजूनं धरली. हसतच होती. लोक वाट बघत राहिले. चाचा म्हणाले, “चला, पुढं चला.” त्या दिवशी ते चहाला थांबले नायत. माझी टॉर्च पण त्यांच्याच खिशात गेली.

भीमराव म्हणाला, “त्यांची बाई हसवलीस तू. आता तू रड.”

मला खरंच रडू आलं. एक ‘वा’ मिळवायला गेले आणि म्हाताऱ्याची तीस वर्षांची गोष्ट मोडून बसले.

दुसऱ्या दिवशी चाचांच्या ग्रुपमागं मी गुपचूप गेले. त्याच कोपऱ्यात ते थांबले. खिशातनं माझी टॉर्च काढली, खालनं धरली.

“हिला नीट बघा,” चाचा म्हणाले. “तीस वर्षं ही बाई रडत होती. परवापर्यंत रडत होती.”

“मग?” कुणीतरी विचारलं.

चाचांनी टॉर्च फिरवली. उजेड सगळ्यांच्या डोक्यांवरनं आला आणि मागच्या खांबाआड लपलेल्या माझ्या तोंडावर थांबला.

“मग आमच्या सुनीताबेटीनं टॉर्च दुरुस्त केली.”