किती दिवसांनी करायचं, मास्तर?

शनिवारी सकाळी मनीषाचा फोन आला तेव्हा मी कोल्हारला माझ्या दुकानात एका प्रिंटरचं पोट उघडून बसलो होतो. "काका, आण्णा गेले," ती म्हणाली. मागे बायकांचे आवाज, कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज... आणि मग अगदी हळू, लहानपणी गणित अडल्यावर विचारायची त्या सुरात तिनं विचारलं, "काका, कंप्युटर चालूच हाय. एकसष्ट टक्के दाखवतोय. बंद करू का?" वडील स्टुडिओतल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेलेले, आणि पोरीला काळजी त्या टक्क्यांची. मी म्हणालो, "नको, होऊ दे पुरं." फोन ठेवला, प्रिंटर तसाच उघडा टाकला आणि निघालो. नगर-पाथर्डीमार्गे त्यांच्या गावी पोचेपर्यंत दुपार झाली. आण्णांना बाहेर अंगणात घेतलं होतं. आत पडद्यावर शंभर टक्के झाले होते. मी माझ्या हातानं तो कंप्युटर बंद केला आणि मग त्यांच्या पायाशी जाऊन बसलो. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. अजून कुठल्याही एका कामावर मन बसत नाही. उठतो, दुकानाच्या दारापर्यंत जातो, परत येतो. लिहून तरी बघावं, म्हणून हे.

भानुदास आण्णांचा फोटो स्टुडिओ पाथर्डी तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावी. मी त्या काळात पाथर्डीत कंप्युटरचे वर्ग घ्यायचो, म्हणून त्यांच्या लेखी कायमचा 'मास्तर'. आण्णा माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. रोलचा कॅमेरा सुटून डिजिटल आला तेव्हा त्यांनी हिंमत करून कंप्युटर घेतला आणि तो बसवायला मला बोलावलं. त्या दिवशीच मी त्यांना डिफ्रॅग दाखवलं. डिस्कवर फाईल ठेवताना जागा मिळेल तसे तिचे तुकडे पडतात, मग उघडायला वेळ लागतो, म्हणून मधूनमधून ते तुकडे एकत्र आणावे लागतात, असं मी वर्गात सांगायचो तसं सांगितलं. आण्णांनी क्षणभर विचार केला. "म्हंजी एका घरची मानसं तीन गाड्यांत बसवल्यावानी. कारखान्यावर उतरल्यावर हुडकीत फिरायचं." मी म्हणालो, हो, तसंच. पडद्यावर तांबड्या-निळ्या रेघा सरकत होत्या, तांबड्या कमी होत होत्या, निळ्या वाढत होत्या. आण्णा गालाला हात लावून बघत बसले. मग विचारलं, "किती दिवसांनी करायचं, मास्तर?" मी म्हणालो, "महिन्यातनं एकदा पुरे." त्यांना ते पटलं नाही. त्यांनी शनिवार धरला. शनिवारी बाजार नसायचा, गिऱ्हाईक कमी. अर्धं शटर ओढायचे, चहा मागवायचे आणि रेघा बघत बसायचे. पुढे विंडोज बदललं, रेघा गेल्या, नुसते टक्के आले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशी तक्रार केली की जणू त्या मीच काढून टाकल्या होत्या.

त्या डिस्कवर काय होतं हे बाहेरच्या माणसाला चटकन कळायचं नाही. दसरा झाला की आमच्या नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडची निम्मी गावं ऊसतोडीला निघतात. निघायच्या आधल्या चार दिवसांत आण्णांकडे रांग लागायची. नवराबायको, पोरं, कधी म्हातारी मागं राहणार म्हणून तिच्यासोबत एक. बऱ्याच जणांना प्रिंट घ्यायलाही सवड नसायची, गाडी दारात उभी असायची. "आल्यावर नेऊ आण्णा," म्हणायचे आणि जायचे. कितीतरी माणसांचं तोंड त्या एका डिस्कवर सोडून दुसरीकडे कुठंही नव्हतं.

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर घरीही सांगितलं नाही. एका वर्षी, तोडीची माणसं गावाबाहेर असतानाच, आण्णांचा फोन आला. मशीन फार हळू चालतंय, म्हणाले. मी तेव्हा वर्ग बंद करून कोल्हारला नुकतंच दुकान टाकलं होतं, समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती. "मास्तर, आतून टकटक आवाज बी येतोय," ते म्हणाले. मी ऐकलं. ऐकू आलं नाही असं नाही, मला नीट ऐकू आलं. पण मन त्या गिऱ्हाइकांत होतं. "जुनं झालंय आण्णा, स्लो होणारच. डिफ्रॅग मारा, सगळं सरळ होईल." या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल की डिस्क टकटक करायला लागली की तिला हातसुद्धा लावायचा नाही, आधी असेल तेवढं बाहेर काढून घ्यायचं. डिफ्रॅग म्हणजे तर प्रत्येक तुकडा उचलून दुसरीकडे ठेवायचा. मरायला टेकलेल्या माणसाला पोती वाहायला लावण्यासारखं ते. आण्णांनी माझ्या शब्दावर ते सुरू केलं आणि मधेच डिस्क बसली. ती मी पुण्याला एका माणसाकडे पाठवली. आतल्या तबकड्यांवर चरे पडलेत, काही निघणार नाही, असं त्यानं कळवलं. तीन वर्षांपूर्वीपर्यंतचे फोटो सीड्यांवर होते. शेवटची तीन वर्षं गेली.

आण्णा मला एका शब्दानं बोलले नाहीत. मी नवी डिस्क बसवून दिली आणि पळ काढल्यासारखा परत आलो. पुढे तोडीची माणसं माघारी आली आणि एका दुपारी आण्णांचा फोन आला. "मास्तर, उद्या ये." एवढंच. गेलो तर स्टुडिओच्या पायरीवर एक बाई बसलेली. कौसाबाई. कोपरगावकडच्या एका कारखान्याच्या तळावर तिची नऊ वर्षांची राणी तापानं गेली होती. "दसऱ्याला काढल्ता फोटू," ती मला सांगू लागली, कारण आण्णा तिच्याशी बोलायचं टाळत होते. "पिवळा फराक हुता. दुसरा फोटूच न्हाई तिचा. आण्णा म्हन्ले आठ दिवसानं ये, मी आल्ये." आण्णांनी कॅमेरा गळ्यात अडकवला आणि म्हणाले, "कौसा, अजून चार दिवस दे." मग माझ्याकडे बघून, "चल."

कुठं, हे मला वाटेत कळलं. राणी कुठल्या ना कुठल्या घरच्या कार्यात उभी असेल, कुणीतरी तिथला फोटो भिंतीला लावला असेल, असा आण्णांचा हिशेब. जीप मिळेल तिथवर जीप, पुढे पायी. वस्तीवर जायचं, दारातून हाक द्यायची, "वहिनी, घरातले फोटू दावा." बायका ट्रंका उघडायच्या, देवाशेजारच्या चौकटी उतरवायच्या. आण्णा अंगणातल्या उजेडात प्रत्येक फोटोचा फोटो काढायचे. राणी नसलेल्याचाही. मी चिडलो, "आण्णा, असं केलं तर महिना जाईल." ते म्हणाले, "जाऊ दे की. त्यांचं बी गेलंच हाय माझ्याकडचं. त्यांना अजून ठावं न्हाई, एवढंच." त्यानंतर दर घरी मी पुढं होऊन चौकटी धरत होतो, काचेवरची धूळ शर्टाच्या बाहीनं पुसत होतो, आणि आत सारखं वाटत होतं की आता सांगावं, या बाईसमोरच सांगावं...

तिसऱ्या दिवशी एका घरी बारशाचा फोटो सापडला. पाळण्याभोवती बायका, आणि कडेला राणी. कडेवर कुणाचंतरी गुबगुबीत पोर, एक हात कपाळाशी, उन्हामुळं डोळे बारीक. चेहरा स्वच्छ होता. आण्णांनी तो सात-आठ वेळा टिपला. संध्याकाळी मी स्टुडिओत बसून राणीला बाकीच्यांतून वेगळं केलं. कडेवरचं पोरही काढता येईल का ते पाहत होतो, इतक्यात कौसाबाई आली. तिनं पडद्याला बोट लावलं. रडेल असं वाटलं होतं, रडली नाही. बोट राणीच्या हातावरून फिरवत म्हणाली, "केवढं जड प्वार घेतलंय हिनं. हात भरून आला आसंल." मी म्हणालो, "मावशी, ते पोर काढून टाकतो, एकटीचा होईल." ती एकदम माझ्याकडे वळली. "ऱ्हाऊ द्या! तिनं घेतलंय त्याला." आण्णांनी तो तसाच मोठा करून दिला.

ती गेल्यावर मला राहवलं नाही. उभ्यानंच बोललो. "आण्णा, आवाज येत होता तेव्हा डिफ्रॅग करायला नको होतं. मी सांगितलं ते चुकलं. माझ्यामुळं गेलं सगळं."

आण्णा कॅमेऱ्याची काच पुसत होते. "मला ठावं हाय. पुन्याच्या त्या मानसाला मी फोन केल्ता. त्यानं सांगितलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू लाजंनं आलाच नसतास. एकट्याला एवढ्या वस्त्या व्हायच्या न्हाईत."

त्यांनी माफ केलं की कामाला जुंपलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्या उन्हाळ्यात आणि पुढच्याही, सवड काढून मी त्यांच्याबरोबर हिंडलो. गेलेलं सगळं आलं नाही. बरंच आलं.

त्यानंतर त्यांचा शनिवार पक्का झाला. आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवायचं, मग कान कंप्युटरच्या पेटीला लावून ऐकायचं, मगच डिफ्रॅग. मी किती वेळा सांगितलं की आता विंडोज आपलं आपणच आठवड्याला करतं, तुम्ही काही करायची गरज नाही. दर भेटीत तरी प्रश्न तोच, "किती दिवसांनी करायचं, मास्तर?" आणि मी उत्तर दिलं की हसायचे. माझं उत्तर त्यांना नकोच असायचं बहुतेक. मी नीट ऐकतोय की नाही, तेवढंच बघायचं असायचं.

शेवटची भेट कोल्हारला. एसटीनं आले होते, मांडीवर कंप्युटरची पेटी. मी त्यांना नवी डिस्क दाखवली, आत काही न फिरणारी, हाताच्या पंजाएवढी. "ही घ्या. झटक्यात उघडतं सगळं. हिला डिफ्रॅग करायचंच नाही, कधीच नाही. केलं तर उगाच झिजते." आण्णांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, सवयीनं कानाला लावली. "आवाज न्हाई येत?" मी म्हणालो, नाही. "मंग मराया लागली तर कळनार कसं?" या धंद्यात माझी वीस वर्षं गेली, पण खरंच, ते कळत नाही. काल चालू असते, आज नसते. त्यांनी ती माझ्या टेबलावर ठेवली, चहा घेतला, पेटी उचलली आणि स्टँडकडे निघून गेले.

परवा मनीषानं बोलावलं. स्टुडिओ ती चालवणार आहे. "काका, आण्णांनी सांगितल्ती ती नवीन डिस्क बसवा," म्हणाली, "शनिवारी बसायला मला सवड न्हाई व्हायची." बसवली. फोटो उतरताना मी पडद्यावर सरकणारी नावं वाचत होतो. एक फोल्डर निघाला, त्याचं नाव नुसतं 'परत'. मनीषालाही तो ठाऊक नव्हता. आत मनासारखे न आलेले फोटो, आणि प्रत्येकाच्या नावात आण्णांनी कारण लिहिलेलं. 'हलली.' 'पदर सरकला.' 'म्हाताऱ्याला घाई.' 'हसू आलं मधीच.' शे-सव्वाशे असतील. पुढच्या वेळी माणूस आला की परत काढायचा, म्हणून ठेवलेले. खाली येता येता एकावर माझी नजर अडली. 'मास्तर. डोळं मिटलं.'

हा त्यांनी कधी काढला, मला आठवत नाही. मी उठून बाहेर जाऊ लागलो, चहाचं निमित्त काढून. मनीषानं अडवलं. "बसा काका, आत्ताच काढते." मी स्टुलावर बसलो, परत उठलो, शर्ट नीट केला, परत बसलो. तिनं दिवा लावला. "डोळं उघडं ठेवा," म्हणाली. तिनं फोटो काढला, पडद्यावर पाहिला, आणि कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला.