राजकुमाराला डाळ

फुलंब्रीच्या सत्यभामाबाईंनी नवस बोलताना घाई केली होती. "आकाश कंपनीत कायम झाला, तर खंडोबाच्या घोड्याला माझ्या हातानं डाळ चारीन." आकाश बिडकीनच्या कंपनीत कायम झाला, आणि घरात घोड्याचा शोध सुरू झाला. गावच्या देवळात घोडा होता, पण पितळेचा. एकदा त्या डाळीचा डबा घेऊन एका वरातीत घोड्यापाशी शिरल्या, तर नवरदेवाच्या मामानं आहेर समजून डबाच ठेवून घेतला.

"माय, गायीचं नाव घ्यायचं ना," आकाश वैतागला. "दारातच तर बांधलेली हाय."

"तवा नाय सुचलं," बाई म्हणाल्या. "आता देवाला बदलून दे म्हणू का?"

शेवटी शहरात घोड्यांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा आकाशनं मायला मोटारसायकलवर बसवून नेलं. बाईंनी असं काही जन्मात पाहिलं नव्हतं. एकेका घोड्याला वेगळा मंडप, मंडपात गादी, गादीसमोर कूलर. दारावर फलक, त्यावर घोड्याच्या बापाचं, आज्याचं, पणज्याचं नाव. "आपल्या सोयरिकीत पण एवढं कोणी इचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

सगळ्यात मोठ्या मंडपात पांढराशुभ्र राजकुमार उभा होता. त्याच्यापेक्षा मोठा फोटो मालकाचा होता, 'अश्वप्रेमी इंद्रजीतदादा'. दादांना झेडपीचं तिकीट हवं होतं. घोड्यावर बसलेले ते मात्र कुणाच्या पाहण्यात नव्हते.

बाईंनी चपला काढल्या, भंडाऱ्याची चिमूट घोड्याच्या पायावर वाहिली, आणि डबा उघडला.

"अम्मा, नक्को! नक्को!" घोडा सांभाळणारा फकिरा धावत आला. "उसका डायट चालू है. बाहेरचं काही चालत नाय. आता मैदानात जायचंय त्याला."

"बाहेरचं कुठं? घरची डाळ हाय, रात्री भिजवलेली."

तेवढ्यात बाईंच्या मागं आणखी एक बाई चपला काढून उभी राहिली. तिच्या मागं चौघी. कशाची रांग आहे हे न विचारता माणसं लागत गेली. कुणी घोड्यापुढं नारळ ठेवला, कुणी नाणं. एका म्हाताऱ्यानं तर अंगाऱ्याची चौकशी केली.

इंद्रजीतदादा घोड्याचा भंडारा पुसायला रुमाल काढून आले होते. रांग पाहिली, तसा रुमाल खिशात गेला.

"फकिरा, अडवतो कशाला माउलीला? या मावशी!" म्हणत त्यांनी मोबाइलवाल्याला खूण केली, बाईंच्या डब्यातून मूठभर डाळ घेतली आणि घोड्यापुढं धरली.

राजकुमारानं वास घेऊन तोंड फिरवलं. त्याला पोत्यातल्या खाद्याची सवय. रांगेत कुजबुज सुरू झाली, "देवानं घेतलं नाय वाटतं."

दादांना घाम फुटला. व्हिडिओ चालू, आणि देवाचा घोडा तोंड फिरवतोय! "खा रे राजा, अशी खायची बघ," म्हणत त्यांनी चार दाणे स्वतःच्या तोंडात टाकले आणि कॅमेऱ्याकडं बघत कचाकचा चावले. घोड्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं उरलेली मूठ फस्त केली. टाळ्या पडल्या.

"फिटला, मावशी, तुमचा नवस!" दादांनी जाहीर केलं.

"माझा कसा फिटंल?" बाई म्हणाल्या. "म्या माझ्या हातानं म्हणलं होतं. तुमचा काही असंल तर तो फिटला."

रांगेतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. तिकडं मैदानातून पुकारा झाला, "राजकुमार! राजकुमारला आत आणा!" फकिरानं लगाम ओढला. पण राजकुमाराला आता चव लागली होती. तो हलेना. मान लांब करून बाईंच्या डब्याकडंच बघत राहिला.

बाईंनी ओंजळ भरली. घोड्याचे मऊ, ओले ओठ तळव्यावर फिरले, तशा त्या शहारल्या. डोळे मिटून हळूच "येळकोट येळकोट" म्हणाल्या आणि दुसरी ओंजळ भरली.

दुसरा पुकारा झाला. परीक्षक खोळंबले होते. दादांनी घड्याळ पाहिलं, रांगेकडं पाहिलं, आणि हात जोडून म्हणाले, "मावशी, आटपा की आता."

"थांबा हो," बाई डोळे न उघडताच म्हणाल्या, "त्याला चावू तर द्या."